शून्य आलं की पास!

जुन्नर तालुक्यातलं बेल्हे म्हटलं की सोमवारचा बैलबाजार आठवतो. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. इथला डेटा हाती आला की शास्त्रज्ञ टर्मिनल उघडतात. 'लिस्टस्कॅन' ही कमांड निरीक्षणाची फाइल वाचून यादी काढते आणि 'जीव्हीफिट्स' त्या यादीवरून जगभर चालणारी फिट्स फाइल बनवते. अशा कमांडी ओळीनं चालवायच्या तर शेल स्क्रिप्ट हवीच. शेल म्हणजे आपल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम; तो चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचे दोन आकडे सांभाळतो. चालू असताना त्याचा ओळख क्रमांक म्हणजे पीआयडी, आणि संपल्यावर त्याचा निकाल म्हणजे एक्झिट स्टेटस. या दोन आकड्यांच्या काही भन्नाट गोष्टी पाहू.

यश एकच, अपयशं 255
काम नीट झालं तर एक्झिट स्टेटस शून्य. 1 ते 255 पर्यंतचा कोणताही आकडा म्हणजे सहसा गडबड. काम फत्ते झालं तर आणखी काही सांगायची गरज नसते. फसलं तर मात्र कारण सांगावं लागतं, म्हणून बाकीचे सगळे आकडे अपयशासाठी राखलेले.

256 चुका म्हणजे एकही नाही?
या निकालाला जागा फक्त आठ बिटांची. त्यामुळे बॅश या शेलमध्ये 'एक्झिट 256' लिहिलं तर बाहेर शून्य पडतं आणि 'एक्झिट -1' चे 255 होतात. चुकांची संख्या थेट एक्झिट स्टेटस म्हणून देणारी स्क्रिप्ट नेमक्या 256 चुकांवर 'सगळं छान' असं सांगून मोकळी होते!

सापडलं नाही, ही चूक नव्हे
फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या 'ग्रेप'ला तो सापडला तर 0, सापडला नाही तर 1, आणि फाइलच वाचता आली नाही तर 2. 'डिफ'चंही तसंच: दोन फाइली वेगळ्या निघाल्या तर 1, खरी अडचण आली तर 2. सगळ्या आकड्यांना एकाच मापानं मोजू नका.

126 आणि 127 मधला फरक
कमांडच सापडली नाही तर 127. सापडली, पण चालवता आली नाही तर 126. आकडा बघूनच कळतं, स्पेलिंग तपासायचं की परवानगी.

128 च्या पुढे सिग्नल
प्रोग्रॅम सिग्नलनं मेला तर बॅश 128 मध्ये त्या सिग्नलचा क्रमांक मिळवतो. कंट्रोल-सी म्हणजे सिग्नल 2, म्हणून 130. साधा 'किल' पाठवतो सिग्नल 15, म्हणून 143. 'किल -9' चे 137. रात्रभर चालवलेल्या स्क्रिप्टचा सकाळी 137 दिसला आणि कुणी हात लावलेला नसेल, तर आधी मेमरी संपली होती का ते पाहा. मेमरी अपुरी पडली की लिनक्सचा कर्नल स्वतःच एखाद्या प्रोसेसचा बळी देतो.

पाइपमध्ये शेवटच्याचंच ऐकतात
तीन कमांडी पाइपनं जोडल्या, पहिली कोसळली आणि तिसरी सुखरूप संपली, तर निकाल शून्य! पहिलीचं अपयश गुपचूप गिळलं जातं. स्क्रिप्टच्या वरच्या बाजूला 'सेट -ओ पाइपफेल' लिहिलं की ते लपत नाही.

$? चं आयुष्य एका कमांडीचं
आधीच्या कमांडीचा निकाल $? मध्ये मिळतो. पण तो 'एको'नं छापून पुन्हा तपासायला गेलात, तर हाती येतो 'एको'चा स्वतःचा निकाल. हवा असेल तर आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा.

पीआयडी पुन्हा वाटले जातात
लिनक्समध्ये 1 क्रमांक सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या प्रोसेसचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी सिस्टमडीचा. क्रमांकांची जुनी मर्यादा 32768. 64 बिटांच्या मशीनवर ती 4194304 पर्यंत नेता येते. मर्यादा गाठली की वाटप पुन्हा खालून सुरू होतं आणि मोकळे झालेले क्रमांक नव्या प्रोसेसना मिळतात. म्हणून फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या जुन्या पीआयडीवर डोळे मिटून 'किल' चालवू नका. तो क्रमांक आज भलत्याच प्रोसेसचा असू शकतो.

$$ बदलत नाही
कंसात लिहिलेल्या कमांडी सबशेलमध्ये चालतात, तरी तिथला $$ मूळ शेलचाच पीआयडी सांगतो. सबशेलचा खरा क्रमांक बॅशपीआयडी या व्हेरिएबलमध्ये मिळतो. बॅकग्राउंडला टाकलेल्या शेवटच्या कामाचा क्रमांक हवा तर $! वापरा आणि 'वेट'नं त्याचा निकाल घ्या.

झोंबीला किल लागू नाही
प्रोसेस संपली, पण पालक प्रोसेसनं तिचा निकाल उचलला नाही, तर ती झोंबी म्हणून यादीत राहते. ती आधीच मेलेली असल्यानं 'किल -9' चाही उपयोग नसतो. पालकानं निकाल घेतला की ती जाते. पालकच संपला, तर साधारणपणे 1 क्रमांकाची प्रोसेस तिला दत्तक घेऊन हा हिशेब मिटवते.

रिकामी फाइल, तरी यशस्वी
1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'ट्रू' ही कमांड म्हणजे चक्क रिकामी फाइल होती. काहीच करायचं नाही, म्हणजे चुकायलाही वाव नाही. निकाल शून्य!

जुन्नर-आंबेगावातून कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींनो, एक सवय आजच लावून घ्या. 'लिस्टस्कॅन' आणि 'जीव्हीफिट्स' यांसारख्या, एकीवर दुसरी अवलंबून असलेल्या कमांडींच्या मध्ये && लिहा; पहिलीनं शून्य दिलं तरच दुसरी चालेल. काही प्रोग्रॅम चूक होऊनही शून्य देतात, म्हणून तयार झालेली फाइल रिकामी नाही ना, तेही तपासा. स्क्रिप्ट शेवटपर्यंत पोचली म्हणजे काम झालं असं धरू नका. निकाल पाहा, मगच पुढचं पाऊल टाका.