बिनतारी वीज आणि उसातली मोटर

चिकोडीच्या शिवारात रात्री थ्री फेज आली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला निघतो. तारच नको, वीज हवेतूनच आली तर?

निकोला टेस्लाने १९०१ साली न्यूयॉर्कजवळ त्यासाठी मनोरा उभारायला घेतला; पैसा आटला, १९१७ मध्ये तो पाडला गेला. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला मायक्रोवेव्हच्या झोतातून दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज पोचली. पण झोत पसरतो, म्हणून पाठवणारी तबकडीच २६ मीटर व्यासाची!

२०२५ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने लेसरने ८.६ किलोमीटरवर ८०० वॅट पोचवले, तेही ३० सेकंद. उसातल्या पाच एचपीच्या मोटरला किमान ३,७०० वॅट लागतात. शिवाय ढग आडवा आला की लेसर अडतो, डोळ्यांत गेला तर दृष्टीच जाते. तूर्त डीपीवरचा फ्यूज सांभाळा.