गजकर्ण आणि रेणूचे वजन

पावसाळा सरत आला, की कपाशीच्या ओल्या शेतात दिवसभर घामाने निथळत वाकणाऱ्या माणसांच्या कमरेला आणि जांघेत गजकर्णाची वर्तुळे उमटतात, आणि राळेगावच्या दवाखान्यांत खाजेच्या तक्रारींची रीघ लागते. “मलम लावलं का दबते, सोडलं का पुन्हा निंघते, डॉक्टरसाहेब,” असे गाऱ्हाणे एका वयस्क शेतकऱ्याने मांडले, तेव्हा डॉक्टरांनी वर्तुळाच्या लालसर, उंचावलेल्या कडेवरून – मध्यावरून नव्हे, कारण बुरशी कडेकडेनेच पुढे सरकते – पात्याने खरवडलेला कोंडा काचपट्टीवर घेतला, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला, पट्टी ज्योतीवरून हलकेच फिरवली. आणि पेशी विरून पारदर्शक झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली, त्या पेशींच्या सीमांची मुळीच दखल न घेता आरपार गेलेले, फाटे फुटलेले तंतू दिसू लागले.

या तंतूंचा मुक्काम त्वचेच्या मृत, शृंगमय थरात असतो, म्हणून मलमातील औषधाला तिथवर पोहोचावे लागते. बॉस आणि मेनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडलेला ठोकताळा असा, की ५०० डाल्टनहून जड रेणूला धडधाकट त्वचा बहुधा मज्जाव करते. एक डाल्टन म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूचे वजन, असे ढोबळमानाने समजावे. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक २९१ डाल्टनचे, म्हणून मलमातून सहज शिरते, आणि स्निग्धप्रिय असल्यामुळे त्या थरात ठाण मांडून बसते. फ्लुकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक ३०६ डाल्टनचे, म्हणजे वजनाने जवळजवळ तेवढेच. परंतु ते जलप्रिय, म्हणून पोटात घेतल्यावर मेंदूभोवतालच्या द्रवापर्यंत संचार करते. उलट इट्राकोनॅझोल हे तिसरे बुरशीनाशक ७०५ डाल्टनचे असूनही पोटातून घेता येते, मात्र त्याच्या कॅप्सुलीला अन्न आणि जठरातील आम्ल यांचे साहाय्य लागते. “काका, ही जेवण झाल्यावरच घ्यायची, अन् पित्ताची गोळी तिच्यासंगं नाही,” अशी ताकीद डॉक्टर देतात ती याचसाठी. केवळ वजनावरून औषधाची पत्रिका मांडता येत नाही, असे माझे मत या इट्राकोनॅझोलनेच बनवले.

अँफोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाचा मामला याहून गहन आहे. या ९२४ डाल्टनच्या रेणूला आतडे जवळजवळ थारा देत नाही, म्हणून अंतर्गत रोगात ते शिरेतूनच द्यावे लागते. त्याचेच भाऊबंद असलेले निस्टॅटिन गिळले तरी रक्तात उतरत नाही, आणि तोंडातील व आतड्यातील बुरशीवर हाच त्याचा गुण ठरतो. अँफोटेरिसिनच्या ज्या लांबट बांध्यामुळे त्याला वाट मिळत नाही, त्याच बांध्याच्या बळावर ते बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला जखडून टाकते. मात्र आपल्या पटलातील कोलेस्टेरॉल त्याच घराण्यातले असल्यामुळे मूत्रपिंडालाही त्याची झळ पोहोचते. २०२१ साली म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाच्या साथीत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा मे महिन्यात शेजारच्या वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेसने त्याच्या इमल्शनचे उत्पादन आरंभिले. आधीच अवजड असलेला हा रेणू स्निग्ध कणांत गुंडाळून अधिकच अवजड केला, की मूत्रपिंडावरील त्याचा मारा सौम्य होतो. तरीही सलाइन चढवणे आणि रक्तातील क्रिएटिनिन वारंवार तपासणे यांतून सुटका नसते.