पोरं व्यसनाचं खरं सांगतात का?

‘तंबाखू खातोस का रे?’ असं भर वर्गात विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘नाही गुरुजी.’ खिशात खर्‍याची पुडी असली तरी! मग पाहणीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा कसा?

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूसेवनाची कबुली दिली. हा आकडा मुलांच्या तोंडचाच. मात्र तिथे उत्तरपत्रिकेवर नाव नसते, त्यामुळे लपवाछपवी कमी होते. घरी आईबापांदेखत विचारले, तर कोण कबूल होणार? लाळेतील कोटिनीन तपासले तर खरे-खोटे कळते, पण तेही मागच्या दोन-चार दिवसांपुरतेच.

दुसरा घोळ शब्दांचा. मिश्री लावणारी मुलगी ‘तंबाखू नाही’ म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं! म्हणून मिश्री, खर्रा, मावा अशी नावे घेऊनच विचारावे लागते. गुटख्यावर तर राज्यात २०१२ साली बंदी आली. बंदीचा माल खातो, हे कोण सांगेल?

आणि शाळा सोडून ऊसतोडीला गेलेली पोरं? शाळेतल्या पाहणीत त्यांना कुणी विचारतच नाही.

तेव्हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेताना पोरांना हात वर करायला लावू नका. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. शिक्षा होणार नाही, असा शब्द द्या अन् तो पाळा. भीती गेली, तरच पोरं खरं बोलतील.