अर्धशिशी : डोके दुखण्याआधीच्या खुणा

कर्जत-खोपोलीहून पहाटेची लोकल पकडून मंगळदास मार्केटला माल घ्यायला जाणारे आमचे बहुतेक व्यापारी बंधू अर्धशिशी म्हणजे निव्वळ डोकेदुखी समजतात. पण हा मेंदूचा विकार आहे आणि त्याच्या खुणा दुखण्याच्या आधीच दिसू लागतात.

आदल्या दिवशी सारख्या जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते. काहींच्या डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात, बोटांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत. हे ५ ते ६० मिनिटे टिकते. त्या वेळात कापडावर कात्री चालवू नये, हिशेब करू नये, गाडी चालवू नये. पुढे लख्ख उजेड, कोऱ्या कापडाचा वा अत्तराचा वास सोसत नाही, मळमळते. कधी डोके मुळीच दुखत नाही. दुखणे थांबल्यावरही दिवसभर थकवा राहतो. अशा कारागिराला कामचुकार म्हणू नये.

उपाशी राहणे, अपुरी झोप यांनी त्रास उठतो. तारखा वहीत टिपून डॉक्टरांना दाखवा. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेतली, तर तिच्यानेच डोकेदुखी वाढते.

मात्र तोंड अचानक वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर अर्धशिशी समजून दुकानात बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.