साइडपट्टीवरील प्रवासी

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुणे या दोन शहरांच्या दरम्यान धावली, याचा अभिमान नगरकर अद्यापही बाळगतात, आणि तो रास्तच आहे. परंतु एस.टी.ने फाट्यावर आणून सोडलेल्या उतारूचे पुढे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. फाट्यापासून गाव, गावापासून वाडी आणि वाडीपासून वस्ती हे दोनचार मैलांचे अंतर या जिल्ह्यात पायांनी आणि सायकलने तोडले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात वस्त्या शेतोशेती विखुरलेल्या. प्राथमिक शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, गिरणीवर दळण नेणारा पोरगा या साऱ्यांचे दळणवळण दोन चाकांवर चालले. सायकलच्या दांड्याखालून पाय घालून ‘कैची’ मारीत शिकलेली पिढी आज निवृत्तिवेतन घेत आहे. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल द्यावयाची, ही रीत काही फार जुनी नव्हे.

ती सायकल गेली असे शहरात बसून वाटते. पण ते खरे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शेकडा ४५ च्या आसपास कुटुंबांनी घरी सायकल असल्याचे सांगितले होते. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलते त्या वेळी, किंवा राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या बाजूच्या एखाद्या माध्यमिक शाळेची शेवटची घंटा होते त्या वेळी, रस्त्याच्या कडेला जो उभा राहील त्याला सायकल दिसेल. बदल झाला तो सायकलस्वारात. ज्याला मोटारसायकल परवडली तो तिच्यावर बसला. ज्याला परवडत नाही तो, आणि ज्याचे वय अद्याप परवान्याचे नाही तो, मागे राहिला. म्हणजे मजूर आणि मूल. या दोघांचेही निवेदन घेऊन कोणी कचेरीत जात नाही.

आता रस्त्याकडे पाहावे. नगर-मनमाड रस्त्याच्या दुरवस्थेवर गेल्या अनेक वर्षांत इतकी आंदोलने झाली आहेत की खड्ड्यांविषयी नव्याने लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. खड्डा मोटारवाल्यालाही त्रास देतो, म्हणून त्याची ओरड होते. सायकलस्वाराचा शत्रू निराळा आहे, आणि तो म्हणजे डांबराची कड. रस्त्यावर थरावर थर चढत जातो, बाजूची मुरमाची साइडपट्टी मात्र होती तेथेच राहते, पावसाने आणखी खचते. दोहोंत वीतभर उंचीची पायरी तयार होते. मागून कर्णा वाजला की सायकलस्वार खाली उतरतो. उतरणे सोपे असते. परत वर येताना चाक त्या कडेला घासून वळते, तोल जातो, आणि माणूस पडतो तो साइडपट्टीवर नव्हे, तर रस्त्याच्या बाजूला, वाहनांपुढे. या अपघाताची नोंद ‘सायकलस्वाराचा तोल गेल्याने’ अशी झाली, तर त्यात कडेचा उल्लेख कोठून येणार?

दुसरे संकट हंगामी आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास प्रवरानगरला घातला गेला. त्या कारखानदारीने जिल्ह्याला काय दिले, हे येथील शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींकडे पाहूनही कळते. परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना परावर्तक, आणि पुढे चालकाच्या कानाशी मोठ्या आवाजात वाजणारी गाणी, अशी वाहने कारखान्याच्या वाटेवर लागतात. ती ओलांडावयाची तर सायकलस्वाराला रस्त्याच्या मध्याकडे जावे लागते. ती ओलांडून जाऊ लागली तर त्याला कडेवरून खाली उतरावे लागते. नादुरुस्त होऊन अंधारात उभी असलेली ट्रॉली तर रस्त्यातील भिंतच होय. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर परावर्तक लावण्याचे आदेश निघतात, लाल पट्ट्या वाटण्याचे समारंभ होतात, छायाचित्रे येतात. उसाच्या वाढ्यांखाली त्या पट्ट्या झाकून जातात, ही गोष्ट समारंभात कोणाच्या ध्यानी येत नसावी.

सायकलस्वाराचा दोष मुळीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. एके काळी विनादिव्याची सायकल आणि डबलसीट या दोन गुन्ह्यांसाठी पोलीस सायकली अडवीत, आणि लोक डायनॅमो बसवीत. ती शिस्त गेली. उलट बाजूने येणे, मागच्या चाकाला लाल काच नसणे, हे सर्रास दिसते. २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलींवरील परावर्तकांसाठी गुणनियंत्रणाचा आदेश काढला. पण तो नव्या सायकलींसाठी. थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आलेल्या सायकलीचे काय?

आकडे बोलके आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. मृतांत सायकलस्वारांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास. हे प्रमाण लहान दिसते, पण तितके लहान ते नाही. देशभरात ती संख्या काही हजारांवर जाते; शिवाय सायकल स्वतः कोणाला मारीत नाही, ती केवळ मरणारांच्या यादीत असते. ठोकरून पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणी मृताच्या वारसांस मिळणारी भरपाई १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये झाली आहे. ती मागावी लागते, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

कायद्यात दुसरीही एक तरतूद आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी वा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. त्याच दुरुस्तीने पादचारी आणि विनायंत्र वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. राज्यांनी ते नियम सहा महिन्यांत करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगावे लागले; तेही कोइमतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने २०१२ साली दाखल केलेल्या याचिकेवर. मोडलेली हाडे जोडून जोडून थकलेल्या डॉक्टरने न्यायालयाची पायरी चढावी, यात पुष्कळ काही आले.

सायकलमार्ग ही परदेशी चैन आहे, असा एक समज आहे. भारतीय रस्ते परिषदेने सायकलमार्गांविषयीची मार्गदर्शक मानके १९६२ सालीच प्रसिद्ध केली होती. गर्दीच्या तासाला चारशे सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारी असतील तर स्वतंत्र मार्ग असावा. मोटारी दोनशेहून अधिक असतील तर शंभर सायकलीही पुरेत, असे तीत म्हटले होते. राज्यमार्गावर दोनशे वाहने कोठे जात नाहीत? प्रश्न उरतो शंभर सायकलींचा, म्हणजे मोजणी कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या तासाला होते याचा. दुपारी दोनला, नाक्यावर मोजले तर सायकली भरणार नाहीत. शाळा सुटताना, शाळेच्या फाट्यावर मोजल्या तर कदाचित भरतील.

हॉलंडची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पण ती अर्धीच. तेथे सायकली पूर्वीपासून होत्या, आणि मोटारी वाढताच त्या मारल्याही जाऊ लागल्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. १९७३ मध्ये, ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली अशा एका पत्रकाराच्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर बसले. आज जे मार्ग पाहून आपले अभ्यासदौरे परततात, ते त्यानंतरचे.

आपल्याकडेही सायकलने काय होते याचा पुरावा आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. त्यामुळे माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी सुमारे एकतृतीयांशाने वाढली, असे अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांना आढळले. महाराष्ट्रात ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावे एस.टी.चा मोफत पास मिळतो, आणि आता जिल्ह्यालाही तेच नाव आहे. पण २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा तो पास वहीतच राहिला. त्या महिन्यांत ज्या घरी सायकल होती आणि वाट बरी होती, त्या घरची मुलगी शाळेत जाऊ शकली. वाट बरी नसेल तर आई सायकल देत नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

अलीकडे पहाटे शिरस्त्राणे घालून, झगझगीत दिवे लावून चांदबिबी महालाच्या चढावर जाणारी मंडळी दिसतात. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी असे त्यांत असतात. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे कचेरीत ऐकले जाते, अभियंता त्यांना खुर्ची देतो. त्यांनी महिन्यातील एक रविवार सोडून एखाद्या शनिवारी शाळा सुटताना वही-पेन्सिल घेऊन फाट्यावर उभे राहावे, येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली मोजाव्यात, डांबराच्या कडेची उंची फूटपट्टीने घ्यावी, आणि ते कागद सार्वजनिक बांधकाम खात्यात पोच घेऊन द्यावेत. शाळांतील भूगोलाचे शिक्षक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी यांना बरोबर घेता येईल. हे काम गाळपाच्या दिवसांतच केलेले बरे. डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, शाळा पाचला सुटते, आणि ट्रॉल्यांची रांग तेव्हा कारखान्याच्या वाटेवर असते.