रोज 440 रुपये, मग वर्षाला हातात किती?



कर्जाचा अर्ज भरताना "वार्षिक उत्पन्न" हा रकाना आला की आपलं पेन थांबतं. "रोज किती गावता?" असं कोणी विचारलं तर मात्र उत्तर तयार असतं. मग रोजाच्या आकड्याला 30 ने आणि 12 ने गुणून आपण मोकळ्या होतो. त्या फुगलेल्या आकड्यावर हप्ता ठरतो आणि पावसाळ्यात तो थकतो. म्हणून हा हिशोब एकदा नीट करूया.

समजा, धामापूरची एक ताई तारकर्लीला पर्यटक निवासात साफसफाईच्या कामाला जाते. तासाला 55 रुपये, दिवसाला 8 तास. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

1. रोज काढा. 55 × 8 = 440 रुपये.

2. कामाचे खरे दिवस मोजा. आठवड्याची सुट्टी धरून महिन्याला 26 दिवस भरतात. पावसाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा 3 महिने काम बंद धरू. उरले 9 महिने. 26 × 9 = 234 दिवस.

3. वर्षाची मजुरी. 440 × 234 = 1,02,960 रुपये.

4. पी.एफ. वजा करा. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी साधारणपणे पी.एफ. लागू होतो. आपल्या मजुरीतून 12 टक्के, म्हणजे 12,355 रुपये जातात. उरतात 90,605. हे पैसे बुडत नाहीत, आपल्याच नावावर साठतात. मालकानेही आपला वाटा वेगळा भरायचा असतो. तो आपल्या मजुरीतून कापता येत नाही. पासबुक अधूनमधून बघत जा.

5. येण्याजाण्याचा खर्च. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी रिक्षा धरून रोजचे 40 रुपये जातात असं समजू. 40 × 234 = 9,360.

हातात उरले 81,245 रुपये. भागिले 12, म्हणजे महिन्याला साधारण 6,770. आणि आपण मनात धरलेलं असतं 440 × 30 = 13,200! हप्ता ठरवायचा तो 6,770 कडे बघून, त्यातूनही घरखर्च काढून.

मग टॅक्स किती? बऱ्याच जणी याच भीतीने पगार बँकेत घ्यायला नको म्हणतात. 2025-26 या वर्षासाठी नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगार-मजुरीच्या उत्पन्नावर आयकर शून्य आहे. नवऱ्याचं उत्पन्न यात मिळवत नाहीत. महाराष्ट्रात महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय करही नाही. ही सूट 1 एप्रिल 2023 पासून आहे. कंत्राटाचं बिल देताना टी.डी.एस. कापला असेल, तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. त्यासाठी पॅन कार्ड हवं. पॅन दिलं नाही तर कपात 20 टक्क्यांपर्यंत जाते.

पावसाळ्याची सोय. आपल्या ताईच्या हातात कामाच्या 9 महिन्यांत महिन्याला सुमारे 9,027 रुपये येतात. त्यातले 2,257 दरमहा बाजूला ठेवले, तर 9 महिन्यांत 20,313 जमतात. म्हणजे बंद असलेल्या 3 महिन्यांतही तिला महिन्याला 6,770 मिळत राहतील. आगोटीची खरेदी, मुलांची पुस्तकं आणि गटाचा हप्ता, यासाठी कोणापुढे हात पसरायला नको.

काजूच्या कारखान्यात, आंब्याच्या बागेत किंवा रोजगार हमीवर जाणाऱ्यांनीही हीच रीत वापरावी. हमीच्या कामाचा 2025-26 चा दर रोज 312 रुपये होता. तेव्हा केंद्राची हमी कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची होती, म्हणून त्या हमीचा हिशोब 31,200 वर थांबत होता.

आजपासून घरच्या कॅलेंडरवर कामाला गेलेल्या दिवसाला टिंब द्या आणि मिळालेली मजुरी बाजूला लिहा. महिन्याच्या बैठकीला कॅलेंडर घेऊन या. सी.आर.पी. ताईंच्या मदतीने सगळ्या मिळून बेरीज करू. पुढच्या अर्जात तोच आकडा जाईल.