पार्टी रद्द झाली, पण औषधं थांबवून चालणार नव्हतं! कोरोनाच्या वर्षात एलजीबीटीक्यू संस्थांनी 'चॅरिटी गाला' कसा वाचवला?

९ फेब्रुवारी २०२०. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा रंगला होता. त्याच वेळी शेजारच्या वेस्ट हॉलिवूडमधल्या एका पार्कात मोठा मंडप पडला होता. आत सजवलेली जेवणाची टेबलं, हॉलिवूडचे चेहरे आणि भल्यामोठ्या पडद्यावर ऑस्करचं थेट प्रक्षेपण.

यजमान होते प्रसिद्ध ब्रिटिश गायक एल्टन जॉन. 'रॉकेटमॅन' सिनेमातल्या गाण्यासाठी त्याच रात्री त्यांना ऑस्करही मिळालं. पार्टी संपली तेव्हा त्यांच्या एड्सविरोधी संस्थेसाठी तब्बल ६४ लाख डॉलर जमले होते.

त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांत अमेरिकेतली नाट्यगृहं, हॉटेलांचे हॉल, सगळं बंद झालं. शंभर माणसं एका छताखाली बसवणंही धोक्याचं ठरलं.

आता कुणी म्हणेल, श्रीमंतांची एक पार्टी झाली नाही तर बिघडलं काय?

बिघडतं, आणि ते श्रीमंतांचं बिघडत नाही. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी 'गाला' हा प्रकार काय असतो ते पाहावं लागेल.

गाला म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागतात. पाश्चात्त्य देशांत मोठ्या संस्था वर्षातून एकदा देणगीदारांना एका हॉलमध्ये बोलावतात. जेवण, गाणी, पुरस्कार, भाषणं, लिलाव असं सगळं एका रात्रीत. हाच चॅरिटी गाला.

पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट प्रायोजकांची. कंपन्या आपल्या नावाचं अख्खं टेबल विकत घेतात. दुसरी लिलावाची. एखादं चित्र, दागिना किंवा कलाकारासोबतची भेट बोलीवर चढते. तिसरी वाट थेट आवाहनाची. मंचावरून कुणीतरी संस्थेचं काम सांगतं आणि लोक जागेवरून हात वर करून रकमा जाहीर करतात.

या सगळ्यात जेवण दुय्यम असतं. खरी विक्री होते ती 'त्या हॉलमध्ये असण्याची'. कुणाच्या शेजारच्या टेबलावर बसलो, कुणासोबत फोटो निघाला, कुणासमोर हात वर केला, यालाच किंमत असते. म्हणून अनेक संस्थांच्या वर्षभराच्या खर्चाचा मोठा भाग त्या एका रात्रीवर अवलंबून असतो.

एलजीबीटीक्यू संस्थांसाठी ही रात्र इतकी महत्त्वाची का?

याचं उत्तर १९८० च्या दशकात सापडतं. एड्सची साथ आली तेव्हा सर्वाधिक फटका बसलेल्यांमध्ये समलैंगिक पुरुष होते. सरकारं हलायला तयार नव्हती, वर्तमानपत्रं त्यांच्यावरच दोष ढकलत होती. मग समुदायाने आणि त्यांच्या कलाकार मित्रांनी स्वतःच पैसे उभे करायला सुरुवात केली.

एल्टन जॉन यांची गोष्ट त्यातलीच. इंडियाना राज्यातला रायन व्हाइट हा हिमोफिलियाचा रुग्ण. रक्तापासून बनवलेल्या औषधातून त्याला एचआयव्हीची लागण झाली आणि शाळेने त्याला दार बंद केलं. एप्रिल १९९० मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी तो गेला, तेव्हा एल्टन त्याच्या कुटुंबासोबत होते.

पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९९१ ला, त्यांचे मित्र फ्रेडी मर्क्युरी एड्सने गेले. हे फ्रेडी म्हणजे पारशी कुटुंबातले फारुख बलसारा. त्यांचं शालेय शिक्षण झालं ते आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत.

१९९२ मध्ये एल्टन यांनी 'एल्टन जॉन एड्स फाउंडेशन' सुरू केलं. १९९३ पासून ऑस्करच्या रात्रीची पार्टी हा संस्थेचा निधी जमवण्याचा हमखास मार्ग बनला.

मार्च २०२०: तिकिटं विकली गेली, हॉल मात्र बंद

एल्टन यांची पार्टी फेब्रुवारीत उरकली होती. इतर संस्थांचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं.

'ग्लाड' ही अमेरिकेतली संस्था. वर्तमानपत्रांमधल्या एड्सविषयीच्या विकृत चित्रणाविरुद्ध १९८५ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. सिनेमा, मालिका आणि बातम्यांत एलजीबीटीक्यू माणसं नीट दाखवली जावीत म्हणून ती दरवर्षी 'ग्लाड मीडिया अवॉर्ड्स' देते आणि हाच तिचा मोठा निधी-सोहळाही असतो. २०२० मध्ये १९ मार्चला न्यूयॉर्कमध्ये आणि १६ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रम ठरले होते. दोन्ही रद्द झाले.

अशा वेळी कुठल्याही संस्थेपुढे तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला, हॉटेलला दिलेल्या आगाऊ रकमेचं काय? दैवी किंवा सरकारी अडथळ्याचं कलम करारात असेल तर पैसे परत मिळू शकतात. पण सरकारी बंदी येण्याआधीच संस्थेने आपणहून कार्यक्रम रद्द केला, तर हॉटेल 'आम्ही तर तयार होतो' असं म्हणू शकतं. म्हणजे माणसांच्या जिवाची आधी काळजी घेणाऱ्याचंच नुकसान!

दुसरा, विम्याचं काय? कार्यक्रम रद्द झाल्यास भरपाई देणारे विमे असतात, पण त्यातल्या अनेकांत संसर्गजन्य आजार वगळलेले असतात.

तिसरा आणि सगळ्यात नाजूक प्रश्न, तिकिटांच्या पैशांचा. इथे अमेरिकेचा करकायदा कामी आला. तिथे गालाच्या तिकिटातून जेवणाची आणि करमणुकीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच करसवलत मिळते. जेवणच झालं नाही आणि देणगीदाराने पैसे परत मागितले नाहीत, तर सगळी रक्कम देणगी धरता येते. शिवाय २०२० साठीच्या मदत कायद्यात सामान्य करदात्यालाही ३०० डॉलरपर्यंतच्या रोख देणगीवर सवलत मिळाली होती. त्यामुळे 'पैसे परत घेऊ नका, देणगी समजा' ही विनंती संस्थांना हक्काने करता आली.

नेमकी त्याच वेळी गरज वाढली

उत्पन्न आटलं तसं कामही कमी झालं असतं, तर प्रश्न एवढा गंभीर नव्हता. झालं उलटंच.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरात राहायला सांगितलं गेलं. पण ज्या मुलामुलींना घरच्यांनी स्वीकारलेलं नाही, त्यांच्यासाठी घर हीच सगळ्यात अवघड जागा होती. अशा तरुणांसाठी हेल्पलाइन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या 'ट्रेव्हर प्रोजेक्ट'कडे मदत मागणाऱ्यांची संख्या वाढली.

औषधांचं चित्र त्याहून भीतिदायक होतं. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी एक अंदाज मांडला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एचआयव्हीचे उपचार सहा महिने विस्कळीत झाले, तर एड्सशी संबंधित आजारांनी पाच लाखांहून जास्त जादा मृत्यू होऊ शकतात. जुलैमध्ये संघटनेने सांगितलं की ७३ देशांत या औषधांचा साठा संपण्याचा धोका आहे.

एल्टन यांच्या फाउंडेशनने एप्रिल २०२० मध्येच १० लाख डॉलरचा आपत्कालीन निधी जाहीर केला. एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थांचं काम कोरोनाच्या काळात थांबू नये, हा त्यामागचा उद्देश होता.

म्हणजे तिजोरीतून पैसा आधीच बाहेर पडायला लागला होता. तिजोरी भरणारी रात्र पुढच्या वर्षी होईल का, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

हॉलमधला गाला मोबाइलवर कसा येतो?

कॅमेरा लावला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं, इतकं ते सोपं नव्हतं.

हॉलमध्ये पाहुणे तीन-चार तास बसतात, कारण गप्पा चालू असतात, समोर जेवण असतं. मोबाइलवर मात्र भाषण लांबलं की बोट आपोआप पुढच्या व्हिडिओवर जातं. म्हणून कार्यक्रम तासाभरात बसवावा लागतो. नेट अडखळण्याची भीती असल्यामुळे बराचसा भाग आधीच चित्रित करावा लागतो.

गाण्यांचं वेगळंच दुखणं. हॉलमध्ये गाणं सादर करायला एक परवाना लागतो, तर तेच गाणं व्हिडिओत वापरायला वेगळा. तो नसेल तर फेसबुक किंवा यूट्यूब ऐन कार्यक्रमात आवाज बंद करू शकतं.

लिलाव आठवडाभर आधीच मोबाइलवर उघडता येतो. पण सगळ्यांसमोर हात वर करण्यात जी चढाओढ असते, ती पडद्यावर आणणं कठीण.

'ग्लाड'ने अखेर ३० जुलै २०२० ला आपला सोहळा ऑनलाइन केला. फॉर्च्युन फीमस्टर आणि जीना याशेरे या विनोदवीर महिलांनी सूत्रसंचालन केलं. एरवी निमंत्रितांसाठी होणारा सोहळा फेसबुक आणि यूट्यूबवर कुणालाही फुकट पाहता आला. 'शिट्स क्रीक' आणि 'पोझ' या मालिकांना तिथे पुरस्कार मिळाले.

२० डॉलरचं तिकीट आणि साधा हिशेब

२०२१ चं ऑस्कर दोन महिने पुढे ढकललं गेलं आणि २५ एप्रिलला झालं. एल्टन यांनी त्याच दिवशी ऑस्करच्या आधी तासाभराची ऑनलाइन पार्टी ठेवली. सोबत त्यांचे पती डेव्हिड फर्निश आणि सूत्रसंचालक म्हणून अभिनेते नील पॅट्रिक हॅरिस. गायला दुआ लिपा. तिकीट होतं १९.९९ डॉलर, म्हणजे जवळपास २० डॉलर.

एरवी या पार्टीत शिरायला हजारो डॉलर मोजावे लागत. पहिल्यांदाच एखादा विद्यार्थी आपल्या खोलीत बसून तिचा पाहुणा होऊ शकत होता.

जमले किती? सुमारे ३० लाख डॉलर. आधीच्या वर्षीच्या निम्म्याहून कमी.

याला अपयश म्हणायचं का? एक साधा हिशेब करून पाहा. २० डॉलरच्या तिकिटांतून ६४ लाख उभे करायचे तर ३ लाख २० हजार तिकिटं विकावी लागतील. ३० लाखांसाठीसुद्धा दीड लाख. म्हणजे तिकीट स्वस्त केल्याने गर्दी वाढते, पण मोठ्या देणगीदाराची आणि प्रायोजकाची जागा गर्दी सहजासहजी घेऊ शकत नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. गालाची जाहीर होणारी रक्कम ही बहुतेकदा एकूण जमा असते. मंडप, जेवण, रोषणाई, सुरक्षा यांचा खर्च त्यातून जातो. ऑनलाइन कार्यक्रमात यातला बराच खर्च नसतो. त्यामुळे दोन वर्षांचे आकडे समोरासमोर ठेवताना हातात उरलं किती, हे विचारलं पाहिजे.

आणि खरी तुलना ६४ लाखांशी नव्हतीच. हॉल बंद होता, त्यामुळे तुलना होती ती शून्याशी.

मुंबईत काय झालं?

भारतात अशा भव्य गालांची परंपरा नाही. इथल्या समुदायाचा मोठा वार्षिक मेळावा म्हणजे 'कशिश' हा मुंबईचा क्विअर चित्रपट महोत्सव. २०१० पासून तो भरतो. २०२० मध्ये तो मे महिन्यात होणार होता, पण २२ ते ३० जुलैदरम्यान ऑनलाइन झाला.

याचे दोन परिणाम संभवतात. लिबर्टी थिएटरच्या दारात आपल्याला कुणी ओळखेल या धास्तीने एखादा न येणारा माणूस कानात हेडफोन घालून गावातून सिनेमा पाहू शकतो. पण ज्याच्या घरात एकच खोली आणि एकच मोबाइल आहे, त्याच्यासाठी थिएटरचा अंधारच जास्त मोकळा होता.

त्याच काळात तृतीयपंथी समुदायाची बधाई आणि मंगती बंद पडली. केंद्र सरकारने १,५०० रुपयांची मदत देऊ केली, पण अनेकांकडे बँक खातंच नव्हतं. अन्नधान्याचा भार मग समुदायातल्या संस्थांवर आला. त्यातच सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या हातून मदत घेणाऱ्या छोट्या संस्थांची ती वाट बंद झाली.

मग या वर्षाने शिकवलं काय?

२०२२ मध्ये एल्टन यांची पार्टी पुन्हा वेस्ट हॉलिवूडच्या मंडपात परतली. बहुतेक मोठे गालाही परतले. कारण उघड आहे, मोठी रक्कम अजूनही हॉलमध्येच जमते.

पण त्या वर्षाने एक गोष्ट स्पष्ट केली. संस्थेचा वर्षभराचा श्वास एकाच रात्रीवर ठेवणं धोक्याचं आहे. मोठा देणगीदार रक्कम देतो, तर दरमहा थोडे पैसे देणारे हजारो लोक संस्थेला खात्री देतात. हॉल बंद पडला तरी त्यांची देणगी येत राहते.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या गालाचे रेड कार्पेटवरचे फोटो फीडमध्ये दिसले, तर कुणी काय घातलंय यासोबत आणखी एक गोष्ट पाहता येईल. ती रात्र झालीच नसती, तर कुठल्या शहरातली हेल्पलाइन दुसऱ्या दिवशी वाजत राहिली असती?